बाई धावते तेव्हा घरानं काय करायचं?

दिवाळीनंतरच्या गटाच्या बैठकीत बचत मोजून झाली, सह्या झाल्या आणि उठता उठता एका ताईनं विचारलं, "मॅरेथॉन म्हणजे किती धावाचं असते व?" महिला दिनाला होणाऱ्या दौडीबद्दल तिनं कुठंतरी ऐकलं होतं. बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "मंग पहाटे चुलीपाशी कोन?" त्यावर सगळ्या गप्प झाल्या. खरा प्रश्न तोच होता. म्हणून आज आम्ही धावण्याबद्दल थोडं आणि चुलीबद्दल जास्त बोलणार आहोत.

आधी अंतर समजून घ्या. खरी मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटरची असते. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये एवढं अंतर धावले आणि 1921 पासून तेच कायम झालं. वरवटहून शेगावला पायी जाऊन पायीच परत यायचं, जवळपास तेवढं. आपल्याकडं मात्र 3, 5 किंवा 10 किलोमीटरच्या दौडीलाही मॅरेथॉनच म्हणतात. म्हणू द्या. पण नाव देताना अंतर किती ते विचारून घ्या. पहिल्या खेपेला 3 किंवा 5 पुरे.

बारामतीच्या लता करे तुम्हाला माहीत असतील. हे कुटुंब मूळचं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं. पोटासाठी बारामतीकडं गेलं. शेतमजुरी करून लेकींची लग्नं केली. पुढं नवरा आजारी पडला आणि तपासणीला पैसे नव्हते. बारामतीत ज्येष्ठांसाठी 3 किलोमीटरची दौड होती, बक्षीस 5 हजार रुपये. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढंही त्यांनी ती दौड जिंकली. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात काम त्यांनीच केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली.

ही गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येतं. आमच्याही आलं. पण अनवाणी धावणं ही त्यांची हौस नव्हती, नाइलाज होता. तुम्ही बूट घाला. नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हातारीला धावावं लागू नये, असं आम्हाला वाटतं. बाईनं स्वतःच्या जिवासाठी, हौसेसाठी धावावं आणि घरानं तिला तेवढा वेळ द्यावा, यात काही पाप नाही.

बाईला हे जमणार नाही असं फक्त आपल्याच गावात म्हणतात, असंही नाही. अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये 1967 साली कॅथरीन स्विट्झर धावत होती, तेव्हा एका अधिकाऱ्यानं तिला धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला. तिच्यासोबत धावणाऱ्या तिच्या मित्रानं त्याला बाजूला ढकललं आणि तिनं दौड पूर्ण केली. तिथं बायकांना रीतसर परवानगी मिळाली ती 1972 साली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली 1984 साली. आपल्याकडं सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली, शेतकऱ्याघरची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं पहिली आली.

आता आमच्या ताईकडं येऊ. वय अडतीस, दोन लेकरं, एक म्हैस. आम्ही तिला आधी सरकारी दवाखान्यात नेलं. महाराष्ट्रात अर्ध्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी गोळ्या आणि खाणंपिणं, धावणं नंतर. बीपी, शुगर असेल, छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. अंग बाहेर येतं असं वाटत असेल तर तेही दाखवा, लपवू नका. पाळीत मात्र धावता येतं, त्रास होत नसेल तर.

सुरुवात अशी करायची : एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दर आठवड्याला पळणं थोडं वाढवायचं आणि चालणं कमी करायचं. अडीच-तीन महिन्यांत 5 किलोमीटर होतं. वेग किती ठेवायचा? शेजारणीशी बोलता आलं पाहिजे इतका. बोलताना धाप लागली म्हणजे जास्त झालं. आमच्या ताईनं पहिल्या दिवशी कुत्रं मागं लागल्यासारखी धाव घेतली आणि दोन दिवस तिला जिना चढवेना. तिथून ती शहाणी झाली.

आणखी एक गोष्ट, जी बायका सांगत नाहीत. धावताना थेंब थेंब लघवी होते, विशेषतः बाळंतपणं झालेल्यांना. मग बाया पाणीच पीत नाहीत. आपल्याकडच्या उन्हात हे फार वाईट. लघवी रोखायचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम नर्सताईंना विचारा, पॅड लावा, पण पाणी प्या. खाऱ्या विहिरीचं नको, पिण्याचं घरून भरून न्या.

तर चूल. ताईच्या घरी पहिले आठ दिवस भांडणात गेले. नवरा म्हणे, लोक काय म्हणतील. मोठा मुलगा म्हणे, मित्र हसतात. मार्ग काढला सासूनं. "मी करतो पहाटचं, तू जाय." धार सासूकडं गेली, चहा नवऱ्याकडं. चहा पहिल्यांदा उतू गेला, दुसऱ्यांदा कडू झाला. पुढं जमला. अंधारात रस्त्यावर कुत्री असतात, ट्रॅक्टर जातात, म्हणून नवरा मागून मोटारसायकलवर हळू येऊ लागला. लोक हसलेच. पंधरा दिवसांनी हसायचे थांबले, कारण त्याच रस्त्यावर आणखी चार बाया चालायला येऊ लागल्या. मुलगा मोबाईलवर वेळ मोजायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा.

बुटांवरून गटात वाद झाला. बुटासाठी अंतर्गत कर्ज द्यावं का? काही जणी म्हणाल्या, हे कमाईचं काम नाही. आम्ही म्हणालो, लग्नातल्या साडीला आपण कर्ज दिलं तेव्हा कमाई कुठं होती? दिलं कर्ज. तीन हप्त्यांत फिटलं.

दौडीच्या दिवशी घरच्यांनी कुठं उभं राहायचं, हे आधी ठरवा. सुरुवातीला तर सगळेच टाळ्या वाजवतात. गरज असते शेवटच्या किलोमीटरला, जिथं पाय जड होतात आणि आजूबाजूला कोणी नसतं. तिथं उभे राहा. नावानं हाक मारा. "ती बघ पुढं गेली" असं म्हणू नका. हात धरून ओढू नका. सोबत पाणी, केळं आणि तिची चप्पल ठेवा. तिला दीड तास आधी केळं किंवा अर्धी भाकर खाऊ द्या, त्याच्यावर आग्रह नको.

आमच्या ताईनं 5 किलोमीटर 51 मिनिटांत पूर्ण केले. शेवटून तिसरी आली. तोवर बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडववाले खुर्च्या उचलत होते. सासूबाईंनी एक खुर्ची काही सोडली नाही. "माही सून यायची हाये अजून," म्हणत बसून राहिल्या. ती वळणावर दिसली तेव्हा नवरा जोरात ओरडला, एरवी चारचौघात तो बायकोला नावानं हाकही मारत नाही. ताई सांगते, पाय तिथंच हलके झाले.

आता तिला 10 किलोमीटरला नाव द्यायचं आहे. धार अजून सासूकडंच आहे. तुमच्या गटात कुणाला सुरू करायचं असेल तर पुढच्या बैठकीत विषय घ्या आणि त्या दिवशी घरातल्या एकाला तरी सोबत आणा. कामाची वाटणी त्याच्यासमोरच लिहून घेऊ.