मनगटाला आधी कळतं

मावशीच्या तिसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस. संध्याकाळी तिला जरा कणकण वाटली. पॅरासिटामॉलची गोळी घेऊन, स्वेटर घालून ती आडवी झाली. म्हणाली, "एवढ्यासाठी कशाला धावपळ, सकाळी बघू." पहाटे तीनला तिला कॅज्युअल्टीत नेलं, तेव्हा तिचा रक्तदाब लागत नव्हता. ती वाचली. पुढे चार दिवसांनी, तिच्या मुलाने दिलेल्या हातातल्या पट्ट्याचे आकडे मी फोनवर पाहिले. सातव्या दिवशी तीन हजार पावलं, आठव्या दिवशी अकराशे, नवव्या दिवशी चारशे. झोपेतली नाडी ७४ वरून ९६ वर गेलेली. सगळं नोंदलेलं होतं, पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

केमोची बाटली रुग्णालयात लागते, पण तिचा खरा त्रास बहुतेक वेळा घरी सुरू होतो. अनेक औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत 'काउंट पडतात', म्हणजे पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की आतड्यातला किंवा त्वचेवरचा रोजचा जंतूही जिवावर उठतो. म्हणून अशा रुग्णाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर ती तातडीची वेळ मानतात आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक द्यायचं असतं. डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या पॅरासिटामॉलने नेमका हाच इशारा झाकला जातो.

मनगटावरचं यंत्र काय करतं? त्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पावलं हालचालीवरून कळतात. तापाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नये. ते कातडीचं तापमान मोजतं, आणि थंडी वाजून ताप चढताना हात गारच पडतात. तिथे तोंडात धरायचा साधा थर्मामीटरच हवा. पट्ट्याची किंमत आहे ती माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यांपासून झालेली घसरण दाखवण्यात.

ही घसरण ओपीडीत दिसत नाही. रुग्णाच्या अंगात किती ताकद उरली आहे हे डॉक्टर ० ते ४ अशा श्रेणीत लिहितात, तेही पाच मिनिटांच्या भेटीवरून. त्या पाच मिनिटांसाठी आपली माणसं इस्त्रीची साडी नेसतात, ताठ बसतात आणि "बरं आहे, डॉक्टर" म्हणतात. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणूनसुद्धा.

पण नुसते आकडे गोळा करून भागत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ७६६ रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यातल्या एका गटाने आपली लक्षणं नियमितपणे संगणकावर नोंदवली, आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जाई. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत या गटाचा जगण्याचा मध्यक काळ ३१.२ महिने, तर नेहमीच्या देखरेखीतल्यांचा २६ महिने निघाला. तिथे मनगटावर काहीच नव्हतं. सूचना मिळाली की उठून फोन करणारं माणूस मात्र होतं. म्हणून पट्टे वाटण्याआधी रात्री फोन कोण उचलणार ते ठरवा, असं मला कळकळीने म्हणावंसं वाटतं. परळच्या टाटा रुग्णालयात केमो घेऊन गडचिरोलीला परतलेल्या माणसाला दहाव्या दिवशी ताप आला, तर जवळच्या कोणत्या दवाखान्यात जायचं हे कोणतंही घड्याळ सांगणार नाही.

चौथ्या केमोनंतर मावशीची सून रोज सकाळ-संध्याकाळ पावलं, नाडी आणि थर्मामीटरचा ताप वहीत लिहू लागली. वहीच्या पुठ्ठ्यावर डे-केअरच्या सिस्टरांचा नंबर ठळक लिहिला होता. आठव्या दिवशी पावलं निम्म्यावर आली म्हणून तिने दुपारी पुन्हा एकदा ताप पाहिला. १००.६. मावशी म्हणालीच, "सकाळी बघू." सुनेने तोवर रिक्षा बोलावली होती. पाच वाजायच्या आत अँटिबायोटिकचं सलाईन लागलं.