जमेस न धरलेले देणे

एखादी कर्तीसवरती स्त्री निवर्तली म्हणजे आमच्या गावोगावी दुखवट्याची सभा भरते. अमुकांच्या पत्नी व तमुकांच्या मातोश्री एवढा तिचा परिचय करून दिला जातो, प्रेमळपणा, सोशिकपणा व आतिथ्य या तीन गुणांचा उच्चार होतो, आणि मंडळी आपापल्या घरी जातात. तिने किती पोरक्या मुलींस हाताशी धरले, लोककार्यासाठी किती उंबरठे झिजविले आणि त्यापायी घरात काय सोसले, याचा हिशेब त्या सभेत कोणी मांडीत नाही. व्यापारात ज्या मनुष्याने भांडवल घातले त्याचे नाव खतावणीत नसेल, तर त्या पेढीस आम्ही अप्रामाणिक म्हणू. लोकसेवेच्या पेढीस मात्र हा न्याय आम्ही अद्याप लावलेला नाही. आमचे म्हणणे नीट ध्यानात यावे म्हणून एका माउलीचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्या माउलीचे नाव आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे.

बायांचे माहेरचे नाव गोदूबाई. कोकणातील देवरुखच्या जोशी कुटुंबातील ही कन्या. पोरवयात लग्न झाले आणि लग्न म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच वैधव्य आले. पुढची कित्येक वर्षे विधवेच्या वाट्यास येणाऱ्या राबणुकीत गेली. बंधू नरहरपंत यांनी त्यांस मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली तेथे शारदासदन उघडले, तेव्हा त्यात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे हे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी वारली. मागे रघुनाथ नावाचा मुलगा होता. कर्व्यांनी पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा निश्चय केला, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला.

विवाहाचे अभिनंदन करणारे पुण्यात होते. त्याची किंमत मात्र मुरुडास मोजावी लागली. कर्व्यांच्या त्या मूळ गावी सभा भरून बहिष्काराचा ठराव झाला, आणि कर्वे घरी आल्यास घरच्या मंडळींसही वाळीत टाकण्याचा धाक घालण्यात आला. पुरुषाचे असे पाऊल इतिहासात धैर्य म्हणून नोंदले जाते. परंतु त्याच घराची सून होऊन, सासरच्या दाराशी परकी म्हणून उभे राहण्याचे धैर्य कोणत्या इयत्तेचे असते, हे आमच्या भगिनींनीच सांगावे.

पुढे १४ जून १८९६ रोजी कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. काही वर्षांनी तो शहराबाहेर हिंगण्यास गेला, आणि कॉलेजातील काम आटोपून चालत हिंगणे गाठणाऱ्या कर्व्यांचे चित्र महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. आश्रम चालावयाचा तो लोकांच्या वर्गणीवर. विधवेस शिकवावे हे मान्य करणारे गृहस्थ थोडेबहुत होते. विधवेने पुन्हा लग्न करावे हे मान्य करणारे त्याहून फार थोडे. म्हणून आश्रमाचा व पुनर्विवाहाचा संबंध लावू द्यावयाचा नाही, असे धोरण ठरले. त्याचा अर्थ असा झाला की, आश्रमाच्या संस्थापकाची पत्नी, जी स्वतः विधवांच्या शाळेत शिकली होती, तिलाच आश्रमात उघडपणे जागा नव्हती. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, निधी जमविण्यास अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. पार्वतीबाईंची योग्यता मोठीच होती. परंतु दोघी सख्ख्या बहिणी, दोघींचे दुःख एक, आणि एकीस पुढचे दार तर दुसरीस तेही नाही, हा भेद ज्या लोकमताने केला, ते लोकमत आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांचेच होते, हे विसरून चालणार नाही.

कर्व्यांनी आपली शिल्लक आश्रमास दिली. पाच हजार रुपयांची आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. बायांना हे रुचले नाही आणि त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखविले. कोणी म्हणेल, एवढ्या थोर कार्यात पैशांवरून कटकट कशाला? आमचे मत असे नाही. आमच्या व्यापारी वाचकांस विमा म्हणजे काय हे सांगणे नको. पती गेल्यावर बाईस कोण विचारते, हे ज्या स्त्रीने लहानपणापासून स्वतः अनुभविले होते, पदरी लहान मुले होती आणि सासरचा गाव पाठीशी नव्हता, तिने त्या कागदाकडे पाहावे यात लोभ कसला? कर्व्यांचा त्याग खरा होता. पण त्या त्यागाचा अर्धा हप्ता बायांच्या खात्यातून, त्यांस न विचारता, भरला गेला, हेही तितकेच खरे आहे. उद्या आपल्या पायावर उभे राहता यावे म्हणून त्यांनी नागपुरास जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, यातच त्यांच्या मनातील भय व स्वाभिमान दोन्ही दिसतात.

आणि एवढे होऊनही ही बाई आश्रमावर रुसून बसली नाही. ज्या संस्थेत स्वतःस मान नव्हता तिच्यासाठी त्यांनी लोकांच्या दारी जाऊन लहानमोठ्या वर्गण्या गोळा केल्या. शंकर, दिनकर व भास्कर या तीन मुलांस वाढविले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात अध्यापक व पुढे मुख्य झाले, भास्करराव व त्यांच्या पत्नी कावेरीबाई हिंगण्याच्या कार्यास वाहून घेऊन राहिले. ज्या घरातून दुसरी पिढीही त्याच सेवेस लागते, त्या घरातील आईने मुलांस पुस्तकाबाहेरचे काय शिकविले असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

बाया १९५० साली निवर्तल्या. आठ वर्षांनी कर्व्यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला, आणि तो सर्वथा योग्य होता. त्यांनी १९१६ साली काढलेले महिला विद्यापीठ आजही चालू आहे. हिंगण्याच्या त्या माळास आज कर्वेनगर म्हणतात आणि तेथे मुलींच्या शिक्षणाचा मोठा संसार उभा आहे. बायांच्या मनातले आज आपणांस कळते ते १९४४ साली ‘माझे पुराण’ या नावाने त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले म्हणून. ते सिद्ध करण्याचे श्रम कावेरीबाईंनी घेतले. सुनेने सासूची हकीकत ऐकून घेतली नसती, तर हे सारे खाते कोरेच राहिले असते.

यावरून आमचे दोन बोल. पहिला संस्थाचालकांस. आपल्या वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी छापता, तशीच ज्या बायांनी वर्षभर पदरमोड करून काम केले त्यांची नावे छापा, आणि ती अमुकांच्या पत्नी म्हणून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या नावाने. दुसरा घरोघरच्या कर्त्या पुरुषांस. सार्वजनिक कार्यास हात सैल सोडण्यापूर्वी घरात विचारा. कारण ते दान तुमच्या एकट्याचे नसते. आणि घरात एखादी वृद्ध आई, चुलती वा सासू अशी असेल की जिने चार परक्यांचे भले केले, तर तिच्याजवळ वही घेऊन आजच बसा. दुखवट्याच्या सभेत गहिवरण्यापेक्षा ती हयात असता तिचे ऐकून घेणे अधिक अवघड आहे, आणि तिचे ऋण फेडण्याचा तोच खरा मार्ग आहे.