‘दिले’ या क्रियापदाचे तीन अर्थ : परभणीकडील लहान व्यवसायांची स्थापना, वाढ व हस्तांतर

बाजारपेठेतून जाताना दुकानांवरील पाट्या वाचीत जाण्याची ज्याला सवय आहे, त्याला महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे परभणी, सेलू किंवा मानवत येथेही एक वाक्य हमखास भेटते : ‘आमची कोठेही शाखा नाही.’ या वाक्याची थट्टा पुष्कळ झाली आहे. मराठी माणसास व्यापार वाढविता येत नाही, याचा पुरावा म्हणून ते नेहमी पुढे केले जाते. वस्तुतः ते वाक्य कायदेशीर अर्थाने अत्यंत नेमके आहे. माझ्या नावाने दुसऱ्या कोणी व्यापार मांडला तर त्याच्या मालाची व उधारीची जबाबदारी माझी नव्हे, असे ते बजावीत असते. नाव ही मालमत्ता आहे व ती चोरीस जाऊ शकते, ही जाणीव त्यात आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने व्यापारी संस्थांविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु लहान व्यवसाय कसा जन्मतो, कसा वाढतो आणि एका हातातून दुसऱ्या हाती कसा जातो, हे समजून घेताना पहिली अडचण भाषेचीच येते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. त्या अडचणीची किंमत कधी कधी रुपयांत मोजावी लागते.

प्रथम नामे पाहू. ‘दुकान’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. ‘पेढी’ हा सामान्यतः ‘पीठिका’ या शब्दाशी जोडला जातो. त्यात बैठकीची कल्पना आहे, आणि म्हणूनच पेढीला ‘गादी’ असते व मुलगा ‘गादीवर बसतो’. ‘भागीदार’ या शब्दाचे पूर्वांग संस्कृत व उत्तरांग फारसी. ‘गुत्तेदार’ हा शब्द मराठवाड्यात कंत्राटदाराला सर्रास लावतात; पुण्याकडील वाचकास तो अडखळवितो. तो तेलुगू ‘गुत्त’ म्हणजे मक्ता यावरून आलेला असून निजामी मुलुखातील शेजाराची ती खूण होय. ‘कंपनी’ हा शब्द मराठीत पुष्कळ भटकलेला आहे. त्याने ‘कंपनी सरकार’ पाहिले, ‘नाटक कंपनी’ पाहिली, आणि आज खेड्यातील तरुण ‘कंपनीत कामाला आहे’ असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ केवळ कारखाना असा असतो. त्याचा जुना मराठी प्रतिशब्द ‘मंडळी’ हा होता. तो ‘आणि मंडळी’ या रूपाने ग्रंथविक्रेत्यांच्या नावांत व नाटकसंस्थांच्या नावांत दिसे. व्यवसाय म्हणजे माणसांचा समूह, हा मूळ अर्थ त्यात उघडपणे राहिला होता. ‘कंपनी’ने तो झाकून टाकला.

आता क्रियापदे. दुकान ‘टाकतात’ किंवा ‘थाटतात’, पेढी ‘उघडतात’, कारखाना ‘काढतात’, भागी ‘ठेवतात’. व्यवसाय ‘चालतो’, ‘बसतो’, ‘बुडतो’. फारच झाले तर ‘दिवाळे वाजते’. आरंभासाठी व अंतासाठी भाषेजवळ क्रियापदांची अशी समृद्धी आहे. परंतु व्यवसाय एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्या मधल्या घटनेसाठी बोलीत एकच दुबळे क्रियापद आढळते : ‘दिले’. ‘जिनिंग दिली’ असे मानवतच्या पेठेत कोणी म्हणाले, तर त्याचे किमान तीन अर्थ संभवतात. जिनिंग विकली, जिनिंग एका हंगामापुरती चालवावयास दिली, अथवा जिनिंगचा कारभार मुलाच्या किंवा भागीदाराच्या हाती सोपविला. ‘हस्तांतरण’ हा शब्द कचेरीतला. तो कागदावर असतो, तोंडात नसतो.

जिनिंगचे उदाहरण मी हेतुपुरस्सर घेतले. परभणी जिल्ह्यातील लहान उद्योजकतेचा इतिहास बव्हंशी कापसाभोवती फिरतो. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही लोहमार्गाची वाट तयार झाली आणि गोदावरीच्या खोऱ्यातील कापूस मुंबईच्या बाजारास जवळ आला. रेल्वेच्या आधाराने सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. असा कारखाना सहसा एका माणसाचा नसे. एकाजवळ रस्त्यालगतची जागा, दुसऱ्याजवळ रोकड, तिसऱ्याचा अडतीच्या निमित्ताने गावोगावच्या शेतकऱ्यांशी संबंध, आणि चौथा असा की ज्याने मुठीत कापूस दाबून पाहावा आणि ओल व धाग्याची लांबी सांगावी. या चौघांच्या ‘पाती’ ठरत. ‘पाती’ म्हणजे वाटा. हा जुना व्यापारी शब्द वृद्ध मुनिमांच्या तोंडी अजूनही ऐकावयास मिळतो. चौथ्याची पाती बहुधा बिनपैशाची असे. त्याचे भांडवल त्याच्या बोटांत होते.

येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. सुमारे ५ क्विंटल कापसातून १७० किलोची रुईची एक गाठ निघते. यंत्र कोणतेही असो, हे प्रमाण फारसे हलत नाही. मग दोन शेजारी कारखान्यांपैकी एक भरभराटीस येतो व दुसरा बसतो, तो कशामुळे? शेतकऱ्याचा वजनकाट्यावरील विश्वास, पैसे त्याच दिवशी मिळतील ही खात्री, गाठींत भेसळ नाही अशी मुंबईच्या खरेदीदारांत झालेली ख्याती. या सर्वांस व्यापारी ‘नाव’ म्हणतो किंवा ‘पत’ म्हणतो. यंत्रे झिजतात व नाव वाढते. विकावयाची वेळ येते तेव्हा यंत्रांचा व जागेचा भाव सांगता येतो. नावाचा सांगता येत नाही. ते नाव माणसाला चिकटलेले आहे की संस्थेला, यावर सारे अवलंबून असते.

नाटक मंडळ्यांच्या इतिहासात हा फरक जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचित दिसेल. त्याही भागीदारीच्या लहान व्यापारी संस्थाच होत्या, हे आपण विसरतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये स्थापिलेली मंडळी १८८५ मध्ये त्यांच्या निधनानंतरही अनेक वर्षे त्यांच्याच नावाने चालली. नाव संस्थेचे झाले होते. याच मंडळीतून बाहेर पडून १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. लहान व्यवसाय वाढतो तेव्हा पुष्कळदा तो असा फुटूनच वाढतो. जुन्या पेढीतील हुशार मुनीम नवी पेढी घालतो, तद्वत. पुढे टेंबे व बोडस बाहेर पडले आणि बालगंधर्व एकटे मालक झाले. नफ्याचे मालक झाले तसे कर्जाचेही झाले. परंतु त्या मंडळीचे नाव त्यांच्या गळ्याशी बांधलेले होते. ती विकत घेऊन कोणी काय केले असते? पडदे आणि पोशाख.

परभणीच्या अनेक जिनिंगची स्थिती गंधर्व मंडळीसारखी झाली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्यात राज्याच्या धोरणाचाही वाटा आहे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली व १९७२-७३ च्या हंगामापासून ती लागू झाली. तिच्या गुणदोषांची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ केली आहे. आपल्या विषयापुरते इतकेच पुरे की जिनिंगचा मालक व्यापारी न राहता मजुरीवर सरकी काढून देणारा झाला. शेतकऱ्याशी व खरेदीदाराशी त्याचा थेट संबंध तुटला, आणि ज्यावर त्याचे ‘नाव’ पोसले जाई तो झराच आटला. २००२ मध्ये खासगी खरेदीस वाट मोकळी झाली, तेव्हा जुन्या मालकांजवळ जागा होती, जुनी यंत्रे होती, नाव राहिले नव्हते. २००० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून यंत्रांच्या नूतनीकरणास साहाय्य मिळू लागले. पण त्यासाठीही स्वतःचे भांडवल हवे. ज्यांच्याजवळ ते नव्हते त्यांनी ‘जिनिंग दिली’. कोणी विकून, कोणी हंगामापुरती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चा. जुन्या हैदराबाद राज्याच्या प्रदेशास तो १९५१ मध्ये लागू झाला. या अधिनियमात व्यवसायाचा नावलौकिक ही फर्मची मालमत्ता मानली आहे (कलम १४). फर्म विसर्जित झाल्यावर तो स्वतंत्रपणे विकता येतो. विकणाऱ्यास पुन्हा तोच धंदा करता येतो, पण जुने नाव वापरता येत नाही व जुन्या गिऱ्हाइकांस आपणाकडे ओढता येत नाही (कलम ५५). म्हणजे कायद्याने नाव माणसापासून सोडविण्याची सोय केली आहे. पण नव्या भागीदारास सर्वांच्या संमतीवाचून आत घेता येत नाही (कलम ३१), आणि एखाद्याने आपली पाती परक्यास ‘दिली’ तर घेणाऱ्यास मिळतो तो केवळ नफ्यातील वाटा. कारभारात बोलण्याचा अथवा वह्या पाहण्याचा अधिकार फर्म चालू असेतो मिळत नाही (कलम २९). करारात वेगळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म संपते. भागीदार दोघेच असतील तर करार असूनही संपते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये सांगितले, आणि ते तर्कसंगतच आहे. एका माणसाची भागीदारी कशी असणार?

सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र जाहीर सूचनेचे. नोंदणी झालेल्या फर्ममधून एखादा भागीदार निवृत्त झाला, तर ती गोष्ट फर्म-निबंधकास कळवावी लागते, राजपत्रात छापावी लागते, आणि त्या जिल्ह्यात प्रसृत होणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी लागते (कलम ७२). इंग्रजी वृत्तपत्राने येथे भागत नाही. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ असा आरंभ असणाऱ्या ज्या रुक्ष मजकुराकडे आपण वृत्तपत्र चाळताना दुर्लक्ष करतो, तो या अर्थाने मराठी गद्याचा अत्यंत जबाबदार प्रकार आहे. ही सूचना प्रसिद्ध होईपर्यंत निवृत्त भागीदार फर्मच्या देण्यास बांधलेला राहतो. त्यास भागीदार म्हणून न ओळखणाऱ्या धनकोपुरता काय तो अपवाद (कलम ३२).

हे मला पुस्तकातून समजले नाही. माझे एक मामा तालुक्याच्या गावी तेलघाणीच्या फर्ममध्ये तीन भागीदारांपैकी एक होते. वय झाले तेव्हा त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चार प्रतिष्ठितांसमक्ष, ‘माझी पाती मी धाकट्या भागीदाराला दिली,’ असे सांगितले, वहीवर तशी ओळ लिहविली व ते शेतीकडे वळले. वृत्तपत्रात काही आले नाही. मामा म्हणत, गावाला ठाऊक आहे, मग छापावयाचे कशाला? दोन वर्षांनी फर्मने उधारीवर घेतलेल्या मालाचा दावा झाला, त्यात मामांचे नाव होते. माल देणारा परगावचा होता. त्याने जुन्या पत्रावरील तीन नावे पाहून माल दिला होता. मामांना चार एकर जमीन विकावी लागली. न्यायाधीशांसमोर ते पुनःपुन्हा ‘मी दिले होते’ एवढेच सांगत राहिले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मराठीत ते वाक्य पूर्ण होते. कायद्याच्या मराठीत ते अपुरे होते.

कंपनी कायद्याने ही अडचण निराळ्या मार्गाने सोडविली. नोंदलेली कंपनी ही स्वतःच एक व्यक्ती मानली जाते. भागधारक येतात, जातात, मरतात, ती राहते. लंडनमधील सॉलोमन नामक पादत्राण-व्यावसायिकाच्या खटल्यात १८९७ मध्ये तेथील उमराव सभेने हे तत्त्व पक्के केले : जवळजवळ सर्व भाग एकाच माणसाचे असले तरी कंपनी त्याच्याहून वेगळी. आपल्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे खासगी कंपनीस दोन सभासद पुरतात, आणि ‘एकल व्यक्ती कंपनी’ हा तर भाषेच्या दृष्टीने गंमतीचा प्रकार आहे. ज्या शब्दाचा मूळ अर्थ सोबत असा, त्याला ‘एकल’ हे विशेषण! खासगी कंपनीतही भाग वाटेल त्यास विकता येत नाहीत, तशी अट नियमावलीतच असते. पण विकले गेले तर पाटी बदलावी लागत नाही. हात बदलतात, नाव राहते.

आमच्याच मराठवाड्यातील ‘निर्लेप’चे उदाहरण येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९६८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे भोगले कुटुंबाने हा उद्योग उभारला. अन्न न चिकटणाऱ्या भांड्यासाठी त्यांनी तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतील विशेषण उचलले. कशाचाच लेप न लागलेला, तो निर्लेप. हे नाव इतके रुजले की मराठी घरांत कोणत्याही कारखान्याच्या तशा तव्यास ‘निर्लेप तवा’ म्हणू लागले. विशेषनामाचे सामान्यनाम झाले. २०१८ मध्ये हा उद्योग बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतला. यंत्रे कोठेही मिळाली असती. गिऱ्हाइकाच्या जिभेवर बसलेला शब्द मिळाला नसता. या नावात कोणा माणसाचे नाव नव्हते, म्हणून ते अखंड दुसऱ्या हाती जाऊ शकले, असे मला वाटते. ज्या पाट्यांवर आजोबांचे नाव व पुढे ‘आणि सन्स’ असते, त्यांना हे कठीण जाते. (१९९४ पासून महाराष्ट्रात व २००५ पासून देशभर मुलगीही एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः वाटेकरी आहे, पाट्यांनी अद्याप त्याची दखल घेतल्याचे दिसत नाही.)

गेल्या काही वर्षांत परभणी जिल्ह्यात एक नवे नाम ऐकू येऊ लागले आहे : शेतकरी उत्पादक कंपनी. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हा प्रकार आला. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात, आणि व्यक्ती-सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असोत, मत एकच. सभासद उत्पादकच असावा लागतो, त्यामुळे बाहेरच्या भांडवलदारास ती विकत घेता येत नाही. ‘मंडळी’ या शब्दाचा हरवलेला अर्थ येथे कायद्याच्या दाराने परत आला आहे. जिंतूरकडील एका शेतकऱ्याशी बोलताना मी विचारले, तुम्ही कंपनीत काय आहात? भागधारक, सभासद यांपैकी काही उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “माझं नाव हाय त्यात.”