स्ट्रॉबेरीची पिशवी : खताच्या गोणीवरचे महिने पाचोऱ्यात चालत नाहीत

या आठवड्यात बऱ्याच सभासदांचा एकच प्रश्न आला : कोकोपीटच्या पिशवीत स्ट्रॉबेरी लावायची, हळू सुटणारं खत एकदा टाकलं की झालं ना काम?

नाही होत. कारण सांगते.

या खताच्या प्रत्येक दाण्यावर पॉलिमरचं पातळ कवच असतं. ओल आत शिरते, खत आतच विरघळतं आणि थोडंथोडं बाहेर झिरपतं. किती वेगाने, ते मुख्यतः उष्णतेवर ठरतं. गोणीवर "३-४ महिने" छापलेलं असतं ते साधारण २१ अंश तापमान धरून. पिशवीतलं कोकोपीट ३२ अंशांवर गेलं की तेच खत जवळपास निम्म्या दिवसांत सुटून जातं. ऑक्टोबरात दुपारी काळ्या पिशवीत बोट खुपसून बघा, समजेल. (निमकोटेड युरिया म्हणजे हे खत नव्हे. तो पिशवीत टाकू नका.)

खत लवकर सुटलं तर नुसते पैसे जात नाहीत, रोपही जातं. आपली कपाशी जे खारं पाणी मुकाट सोसते, त्यावर स्ट्रॉबेरीची पानं कडेने करपतात. गेल्या वर्षी मीच चुकले. खत कालवून पिशव्या भरल्या, भिजवून ठेवल्या, आणि रोपं आली आठ दिवस उशिरा. तोवर दाणे सुटतच होते. लागवडीनंतर पाचव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी! साध्या पाण्याने धुऊन काही वाचली, बरीच गेली. म्हणून रोपं हातात आल्याशिवाय खत मिसळायचं नाही.

महाबळेश्वरचं वेळापत्रकही जसंच्या तसं उचलू नका. ते गाव साडेचार हजार फुटांवर आहे. आपल्याकडे लागवड ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, आणि फेब्रुवारी संपला की पीक आटोपलं. ८-९ महिन्यांचं खत घेऊन करणार काय? ३-४ महिन्यांचंच घ्या.

पिशवी पांढरी, ५ लिटरची, रोपं दोन. कोकोपीट धुतलेलंच हवं. लावताना ५ ग्रॅम खत, डिसेंबरच्या सुरुवातीला आणखी ५ ग्रॅम. तेव्हा थंडी असते, गोणीवरचा हिशोब बराचसा जुळतो. दाणे फोडू नका. रोपाचा कोंब कोकोपीटखाली गाडू नका. या खतात बहुधा कॅल्शियम नसतं, ते ठिबकमधून वेगळं द्यावं लागतं : कॅल्शियम नायट्रेट, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

दर आठवड्याला पिशवीखाली निथळलेलं पाणी वाटीत धरून ईसी मोजा. १.५ च्या वर गेला तर एक-दोन दिवस साधं पाणी भरपूर सोडा. वरचा आकडा उतरेपर्यंत दुसरा हप्ता थांबवा.

बोअरच्या पाण्याचाच ईसी ०.८ च्या वर असेल तर शेततळ्याचं पाणी लागेल. तेही नसेल तर यंदा रोपं घेऊ नका, स्पष्टच सांगते. रोपांची ऑर्डर देण्याआधी अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत भरून ऑफिसला आणा. मीटर माझ्याकडे आहे, दोन मिनिटांचं काम आहे.