खाडीतले कवच आणि समुद्राची साक्ष

उत्तर समुद्रापासून कॅस्पियनपर्यंत, खाडीकाठचा किंवा खाऱ्या सरोवराचा जुना गाळ बारीक चाळणीवर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पसरला, की एक लांबट, पांढुरके कवच वारंवार दिसते. बारीक मोहरीएवढे, सुमारे एक मिलिमीटरचे. ही सायप्रिडाइस टोरोसा. थॉमस रूपर्ट जोन्स यांनी १८५० मध्ये इंग्लंडमधल्या प्लाइस्टोसीन थरांतल्या कवचांवरून तिचे वर्णन केले. निमखाऱ्या पाण्यातल्या ऑस्ट्रॅकोडांपैकी, म्हणजे दोन झडपांच्या कवचात राहणाऱ्या इवल्या प्राण्यांपैकी, हिचा अभ्यास सर्वांत जास्त झाला असेल, आणि तरीही तिच्याबद्दलचे काही समज चिवटपणे टिकून आहेत.

वर्णन जीवाश्मावरून झाले, म्हणून जात नामशेष झाली असावी, असे अनेकांना वाटते. ती आजही बाल्टिकच्या किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राकाठच्या खाजणांत, काळ्या समुद्रात आणि आफ्रिका-आशियातल्या खाऱ्या सरोवरांत जगते आहे. तिचे खरे मोल यातच आहे. जिवंत प्राण्याच्या सवयी पाहून जुन्या कवचांचा अर्थ लावता येतो, आणि ही सोय फार थोड्या जीवाश्मांच्या बाबतीत मिळते.

दुसरा समज, हा छोटा शिंपला आहे. दोन झडपा आणि पाठीवर बिजागरी असल्याने फसगत होते खरी, पण आतला प्राणी खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे. त्याला सांधे असलेल्या उपांगांच्या सात जोड्या असतात. त्यांतल्या काही स्पर्श घेण्यासाठी आणि खाण्यासाठी, तर काही चालण्यासाठी. त्याला पोहता येत नाही. तो तळाच्या चिखलात फिरून कुजका सेंद्रिय कण आणि डायटम खातो. शिंपल्याचे कवच कडेने वाढत जाते. सायप्रिडाइस मात्र आठ वेळा कात टाकते आणि दर वेळी कॅल्साइटचे कवच नव्याने घडवते. झडपेच्या आतल्या बाजूला चार स्नायूखुणा एका उभ्या रांगेत दिसतात. मऊ शरीर क्वचितच टिकते, त्यामुळे ओळख पटवायला या खुणा आणि बिजागरीचे दात यांचाच आधार असतो.

नर लांबट आणि सडपातळ, तर मादी मागच्या बाजूला रुंद असते. अंडी आणि अगदी लहान पिल्ले ती कवचातच, त्या रुंद भागात सांभाळते. नवख्या डोळ्यांना या दोन वेगळ्या जाती वाटू शकतात.

सर्वांत मोठा घोळ मात्र गाठींचा आहे. काही झडपा गुळगुळीत असतात, तर काहींवर ठरावीक जागी ठळक फुगवटे येतात. एके काळी गुळगुळीत कवचांना लिटोरॅलिस हे वेगळे नाव होते. गाठ असलेली झडप उलटी करून पाहा: बाहेर जिथे उंचवटा आहे, तिथे आत खळगा असतो. म्हणजे तिथे जास्तीचे कॅल्साइट साचलेले नाही, कवचच बाहेर ढकलले गेले आहे. कात टाकल्यावर नवे कवच काही काळ मऊ असते. पाणी फार कमी खारट असेल तर शरीरातल्या क्षार-पाण्याचा तोल राखणे कठीण जाते आणि कवच ठरावीक ठिकाणी फुगते. खारटपणा हजारी सात-आठ भागांच्या खाली असतो तिथे गाठी जास्त आढळतात. तरीही गाठींवरून खारटपणाचा आकडा काढू नये. कमी खाऱ्या पाण्यातही अनेक कवचे गुळगुळीतच राहतात. पाण्यातल्या कॅल्शियमचाही त्यात वाटा असावा, असे अभ्यासक मानतात. गाठी हा इशारा आहे, मोजमाप नव्हे. मोजमापाच्या जवळ जाणारी खूण कवचावरच्या चाळणीसारख्या छिद्रांची आहे. कमी खाऱ्या पाण्यात गोल छिद्रे जास्त असतात, खारटपणा वाढेल तसे वेड्यावाकड्या आकाराच्या छिद्रांचे प्रमाण वाढते. रोझेनफेल्ड आणि व्हेस्पर यांनी १९७७ मध्ये हा संबंध मांडला.

आता मूळ प्रश्न: निमखाऱ्या पाण्यातली जात सापडली, म्हणजे तिथे समुद्र होता का? नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या खाऱ्या सरोवरांतही ती नांदते. तिची अंडी कोरड्यात टिकत नाहीत, म्हणून पक्ष्यांच्या पायांना चिकटलेल्या ओल्या चिखलातून जिवंत प्राणीच तिथे पोहोचले असावेत. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राच्या दुपटीहून जास्त खारट पाण्यापर्यंत ती तग धरते. अरल समुद्र आटत, खारट होत गेला तेव्हा तिथल्या ऑस्ट्रॅकोडांपैकी ही टिकून राहिली. भूमध्य समुद्रातही सुमारे ५५ ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत सायप्रिडाइसची कवचे विपुल आहेत, आणि ते पाणी सरोवरांचे होते की समुद्राशी जोडलेले, यावर आजही वाद चालू आहे.

उलट टोकाची चूकही होते: ऑस्ट्रॅकोड दिसला की पाणी खारेच होते असे धरले जाते. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात मिळणारे ऑस्ट्रॅकोड गोड्या पाण्याच्या तळ्यांतले आहेत. निष्कर्ष जातीवरून काढायचा, गटाच्या नावावरून नाही.

जितकी कवचे तितके प्राणी, हा हिशेबही चुकतो. पूर्ण वाढलेला एक प्राणी कातींसकट अठरा झडपा मागे ठेवू शकतो. लहान-मोठ्या सगळ्या वयांच्या झडपा एकत्र मिळाल्या, तर वस्ती तिथलीच असण्याची शक्यता मोठी. फक्त मोठ्याच मिळाल्या, तर प्रवाहाने लहान वाहून नेल्या किंवा मोठ्या दुसरीकडून आणल्या, ही शंका घ्यायलाच हवी.

म्हणून थर अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे: सायप्रिडाइस टोरोसा एकटीच मिळाली तर ‘सागरी थर’ असे लिहू नका. सोबत समुद्री अर्चिनचे काटे, उघड्या समुद्रातले इतर ऑस्ट्रॅकोड किंवा कवचातल्या स्ट्राँशियमच्या समस्थानिकांची साक्ष मिळेपर्यंत नोंदवहीत ‘खारट किंवा निमखारे पाणी’ इतकेच नोंदवा.