मातीच्या घराची दुरुस्ती

नोकरी शहरात करावी, पण दूर खेड्यात एखादे पडके घर घेऊन ते हळूहळू नीट करावे व सुटीचे दिवस तेथे काढावेत, ही हौस फ्रान्समध्ये बरीच रुजलेली आहे. अलीकडे बंगळूरच्या नोकरदारांनाही ती लागली आहे. शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळीपासून नंदीच्या डोंगरापर्यंत गेले, की खेड्यापाड्यांतून मातीची जुनी घरे अजून दिसतात. दुर्दैव असे, की त्यांतील कित्येक पावसापेक्षा चुकीच्या दुरुस्तीनेच लवकर पडतात.

तांबड्या मातीची भिंत जमिनीतील ओल शोषून घेते आणि चुन्याच्या गिलाव्यातील सूक्ष्म छिद्रांवाटे ती बाहेर टाकते. नवा मालक मजबुतीच्या समजुतीने त्यावर सिमेंट चढवितो. दोन-तीन पावसाळे भिंत मोठी देखणी दिसते. आत कोंडलेली ओल मात्र माती मऊ करीत राहते, आणि एके दिवशी गिलावा मातीचा थर घेऊनच खाली येतो. एका स्नेह्यांच्या घरी अशी भिंत मी पाहिली. माती नुसत्या बोटांनी निघत होती. तेथे पहिले काम निघाले ते सिमेंट उतरविण्याचे. मग भाजलेला चुना पाण्यात विरवून काही आठवडे मुरत ठेवला, वाळूत मळला आणि पातळ थरांनी लावला. हा चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. ज्याला घाई आहे, त्याने मातीच्या घराच्या वाटेस जाऊ नये हे बरे.

या घरांचे खांब, उंबरे, कित्येकदा छपराच्या फरश्याही दगडी असतात. लालबागेतील सुमारे तीन अब्ज वर्षांचा खडक पाहिला, नंदी गावातील भोगनंदीश्वराच्या देवळाचे खांब पाहिले, म्हणजे येथे दगडाचा एवढा सढळ वापर का, ते कळते. पूर्वीचे पाथरवट खडकावर लाकडे जाळीत. तापलेला वरचा थर सुटा झाला, की त्याच्या फरश्या काढीत.

मराठी माणूस इकडे आला, की १६३८ नंतर बंगळूर ज्यांच्या जहागिरीत होते त्या शहाजीराजांच्या खुणा शोधतो. मला अधिक आपलेपणा वाटला तो जमिनीखालच्या नाचणीच्या पेवाचा. कानडीत त्याला ‘हगेवु’ म्हणतात. दुष्काळाची बेगमी म्हणून त्यात धान्य वर्षानुवर्षे राही. जुन्या घराभोवती खणण्यापूर्वी असे पेव कोठे आहे, हे गावातील वृद्धांना अवश्य विचारावे.

राहता राहिले कौलारू छप्पर. कुंभाराची नळीची कौले दर पावसाळ्यापूर्वी चाळावी लागत. एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या कौलाचे पेटंट १८४१ मध्ये फ्रान्समधील आल्सास प्रांतात, आल्टकिर्श येथील गिलार्डोनी बंधूंनी घेतले. पुढे १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आपल्या कोकणातील मंगळुरी कौल ते हेच! त्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचे नाव उमटविलेले असते. शहरातील जुने बंगले पाडले जातात, तेव्हा ती विकावयास येतात. घेताना प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर घ्यावे; बद्द आवाज आला तर त्याला तडा गेलेला असतो.