मंत्र्याची बांधिलकी कोणाशी? मध्य प्रांत-वऱ्हाडातील १९३७-३९ चे सरकार

निवडून आलेला मंत्री मतदारांना बांधील असतो, विधानसभेला असतो, की ज्या पक्षाने त्याला उभे केले त्या पक्षाला, हा प्रश्न वऱ्हाडात जुलै १९३८ मध्ये ऐरणीवर आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांताचे काँग्रेस मंत्रिमंडळ त्या महिन्यात फुटले. एकाच पक्षाच्या तीन मंत्र्यांना इंग्रज गव्हर्नरने बडतर्फ केले, मुख्यमंत्र्याने नवे मंत्रिमंडळ बनवले आणि अवघ्या तीन दिवसांत त्यालाही पद सोडावे लागले. त्याच प्रांतात पुढच्या काही महिन्यांत गावातल्या शाळेच्या नावावरून धर्मस्वातंत्र्याचा वाद पेटला आणि तो तडजोडीने मिटला. पक्षनिष्ठा, तडजोड आणि धर्मस्वातंत्र्य या तिन्ही गोष्टींची सरकारात एकमेकींशी कशी गाठ पडते, हे समजून घ्यायला या दोन वर्षांइतका जवळचा दाखला विदर्भात दुसरा नाही.

वऱ्हाडातले वाशीम तेव्हा जिल्हा नव्हते. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ मध्ये मोडला, वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले आणि पुसद यवतमाळकडे गेला. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. मधल्या काळात वाशीमचा कारभार अकोल्यातून चाले, प्रांताचे सरकार नागपुरात बसे आणि वऱ्हाडावरची नावापुरती सत्ता हैदराबादच्या निजामाची होती. १९३६ च्या करारानेही ती मान्य केली होती. हे सरकार होते तरी कोणाचे, असे वाशीमच्या शेतकऱ्याने विचारले असते तर एका वाक्यात उत्तर देता आले नसते.

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका झाल्या. मताचा हक्क मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींनी बांधलेला होता, तरी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी मतदान केले. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले. गव्हर्नरच्या विशेषाधिकारांवरून काही महिने वाद चालला आणि १४ जुलै १९३७ रोजी नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले. त्या वेळी या पदाला ‘प्रीमियर’ म्हणत.

फुटीचे बीज मंत्रिमंडळाच्या रचनेतच होते. १९२० मध्ये काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे बांधल्या होत्या, त्यामुळे सरकारच्या दृष्टीने एक असलेल्या या प्रांतात पक्षाच्या तीन समित्या होत्या: नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. पहिल्या दोन मराठी, तिसरी हिंदी. मंत्र्यांची वाटणीही त्याच रेषेने झाली. खरे नागपूरचे, गोळे अकोल्याचे, बॅरिस्टर रामराव देशमुख अमरावतीचे. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता महाकोशलचे. सातवे मंत्री महंमद युसुफ शरीफ यांच्याकडे कायदा खाते होते. ते काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले नव्हते. पक्षाच्या प्रतिज्ञापत्रावर सही करून मंत्रिमंडळात आले होते. आपल्या भागाला, आपल्या भाषेला आणि आपल्या माणसांना काय मिळाले याचा हिशेब पहिल्या दिवसापासून मांडला जात होता.

पहिला तडा शरीफ यांच्या खात्यात गेला. वर्धा येथील एका दलित मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात शिक्षा भोगणाऱ्या एका शिक्षण अधिकाऱ्याला त्यांच्या आदेशाने मुदतीआधीच सोडण्यात आले. लोक संतापले. विधिमंडळ पक्षाने मंत्र्यांची दिलगिरी स्वीकारून प्रकरण मिटवायचे ठरवले, पण बाहेरचा क्षोभ शमेना. अखेर काँग्रेस कार्यकारिणीने कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश सर मन्मथनाथ मुखर्जी यांचे मत मागवले. ते मंत्र्यांच्या विरोधात गेले आणि शरीफ यांनी राजीनामा दिला. मंत्र्याचे जाणे योग्यच होते. एका मुलीच्या न्यायापुढे पक्षांतर्गत समेटाला किंमत देण्याचे कारण नव्हते. पण मंत्र्याचे भवितव्य विधानसभेत ठरले नाही, ते पक्षाच्या अखिल भारतीय कार्यकारिणीत ठरले. पायंडा पडला तो तिथेच.

मे १९३८ मध्ये मंत्र्यांमधले भांडण विकोपाला गेले, तेव्हा प्रांताची उन्हाळी राजधानी असलेल्या पचमढीला सगळ्यांना बोलावण्यात आले. सरदार पटेल आणि मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने समेट घडला, मंत्र्यांनी एकमेकांना सांभाळून काम करण्याचे कबूल केले. पण खात्यांच्या फेरवाटणीवरून वाद पुन्हा उफाळला. आपल्याच मंत्रिमंडळात आपले चालत नाही, ही खरे यांची तक्रार होती. ती सर्वस्वी खोटी म्हणता येत नाही.

त्यांनी निवडलेला उपाय मात्र चुकीचा होता. २० जुलै १९३८ रोजी खरे, गोळे आणि देशमुख यांनी राजीनामे दिले आणि मुख्यमंत्र्यांनी उरलेल्या तिघांकडेही राजीनामे मागितले. शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी नकार दिला. पक्षाने सांगितल्याशिवाय आम्ही पद सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी आपला कायदेशीर अधिकार वापरून तिघांना बडतर्फ केले आणि २१ जुलैला खरे यांच्या नव्या मंत्रिमंडळाला शपथ दिली. पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक वर्ध्याला एक-दोन दिवसांत व्हायचीच होती, तिची वाटही पाहिली गेली नाही. गव्हर्नरच्या हस्तक्षेपाविरुद्ध ज्या पक्षाने काही महिने सत्ता नाकारली होती, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याने सहकाऱ्यांना हटवायला गव्हर्नरचाच हात धरला, हे सामान्य कार्यकर्त्याच्या जिव्हारी लागले.

२३ जुलैला खरे यांनी चूक कबूल करून राजीनामा दिला. २६ जुलैला वर्ध्यात सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारिणीने त्यांच्यावर ठपका ठेवणारा ठराव केला. दरम्यान सेवाग्रामला गांधीजींशी बोलणी झाली, खरे यांच्या वक्तव्याचा मसुदा दुरुस्त झाला, पण त्यांनी त्यावर सही केली नाही. २७ जुलैला विधिमंडळ पक्षाने शुक्ल यांची नेतेपदी निवड केली आणि २९ जुलैला त्यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला.

कायद्याने पाहिले तर मुख्यमंत्र्याला मंत्रिमंडळ बदलण्याचा अधिकार हवाच. ज्याला सहकारी निवडता येत नाहीत त्याच्यावर कारभाराची जबाबदारी टाकता येत नाही. पक्षाच्या बाजूचा युक्तिवादही वजनदार होता. काँग्रेसने निवडणूक देशव्यापी लढ्याचा भाग म्हणून लढवली होती आणि लोकांनी मत पक्षाला दिले होते, त्यामुळे मंत्री कार्यकारिणीला उत्तर देण्यास बांधलेले आहेत, अशी गांधीजींची मांडणी होती. परकी सत्तेशी झगडणाऱ्या संघटनेला अशी शिस्त लागते हे खरे. पण अकोला-वाशीमच्या मतदाराने ज्या समितीला कधी निवडले नव्हते तिने त्याचा मुख्यमंत्री ठरवावा, यातला धोकाही तितकाच खरा होता. दिल्लीहून मुख्यमंत्री बदलण्याची जी रीत स्वातंत्र्यानंतर सगळ्याच मोठ्या पक्षांनी उचलली, तिचे मूळ शोधताना वर्ध्याच्या त्या आठवड्यापर्यंत मागे जावे लागते.

या प्रकरणाची एक बाजू बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. तीन दिवसांच्या त्या मंत्रिमंडळात खरे यांनी अग्निभोज या दलित आमदारांना घेतले होते. त्या नेमणुकीला गांधीजींचा विरोध होता, असे खरे यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कामावर लिहिलेल्या ग्रंथात या घटनेची दखल घेतली. खरे स्वतः पक्षापासून दूर गेले. १९४३ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले, नंतर अलवर संस्थानाचे पंतप्रधान झाले आणि पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष. पक्षाने बाहेर लोटलेला माणूस किती दूर जाऊ शकतो हे त्यांच्या वाटचालीत दिसते.

शुक्ल यांच्या कारकिर्दीतली मोठी कसोटी त्यांच्याच आवडत्या योजनेने आणली. शिक्षणमंत्री असताना त्यांनी ‘विद्या मंदिर’ योजना आखली होती. ज्या गावात शाळा नाही तिथे दात्यांकडून जमीन मिळवायची, तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार भागवायचा आणि सरकारच्या रिकाम्या तिजोरीवर भार न टाकता खेड्यातल्या मुलांना शिकवायचे, अशी ती कल्पना होती. खेड्यापाड्यांनी भरलेल्या वऱ्हाडाला तिची नितांत गरज होती. मुस्लिम समाजाने मात्र हरकत घेतली. सार्वजनिक शाळेच्या नावात ‘मंदिर’ का, उर्दूतून शिकणाऱ्या मुलांनी कुठे जायचे, असे त्यांचे प्रश्न होते. १९३८ च्या अखेरीस मुस्लिम लीगच्या पीरपूर समितीने काँग्रेस सरकारांविरुद्धचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात या योजनेवर बरीच टीका होती. नागपुरात सत्याग्रहही झाला.

योजनेच्या समर्थकांना ही हरकत अवास्तव वाटली. विद्येचे मंदिर म्हणजे देवळातली पूजा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. पण बहुसंख्याकांना सवयीचा म्हणून जो शब्द खटकत नाही तो दुसऱ्याला परका वाटू शकतो, आणि सरकारी शाळेच्या दारात कोणालाही परके वाटू नये. १९३९ च्या सुरुवातीला लीगचे सरचिटणीस लियाकत अली खान नागपुरात आले आणि शुक्ल यांच्याशी बोलून समझोता झाला: मुस्लिम दात्यांच्या मदतीने उभ्या राहणाऱ्या शाळांना ‘मदीनतुल इल्म’, म्हणजे विद्येचे नगर, हे नाव देता येईल. सत्याग्रह मागे घेतला गेला. नावाचा हट्ट सरकारने सोडला, शाळेचा हेतू सोडला नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने ‘वंदे मातरम्’ची पहिली दोनच कडवी सभांमध्ये गायली जावीत असा निर्णय घेतला होता, तोही याच जातीचा. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हे प्रयोग अर्धवट राहिले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला लीगचे अध्यक्ष जीना यांनी ‘मुक्तिदिन’ पाळायला लावला. नागपुरातल्या एका तडजोडीने देशभरातला अविश्वास भरून निघणारा नव्हता.

ते वाद ताजे असतानाच राज्यघटना लिहिली गेली. श्रद्धेचे, उपासनेचे आणि धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य कलम २५ ने दिले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही आणि अनुदानित शाळेत कोणावरही त्याची सक्ती करता येणार नाही, हे कलम २८ मध्ये आले. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क कलम ३० ने दिला. नागपुरात जे सरकारच्या मर्जीने मिळाले होते ते आता नागरिकाचा हक्क झाले. मर्जी बदलली तरी हक्क उरतो, हा यातला मोठा फरक आहे.

हक्क कागदावर आला की तडजोडीची गरज संपते असे मात्र नाही. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर याची साक्ष देते. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही जैन पंथांना ही मूर्ती पूज्य. १९०५ मध्ये दोन्ही पंथांनी पूजेचे वेळापत्रक ठरवून घेतले. पुढे मूर्तीवरील लेपावरून आणि त्यात दाखवायच्या कंदोऱ्या-कच्छोट्यावरून, म्हणजे कमरेची साखळी आणि लंगोट यांवरून, तंटा झाला. १९१० मध्ये अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला, तो नागपूरमार्गे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२९ च्या निकालाने व्यवस्थापन श्वेतांबरांकडे आणि वेळापत्रकानुसार पूजेचा हक्क दिगंबरांकडे राहिला. तंटा तरीही धुमसत राहिला. १९८१ पासून बंद असलेले मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये उघडले आणि त्याच महिन्यात तिथे दोन्ही गटांत हाणामारीही झाली. इतक्या निकालांनंतरही तिथल्या पूजेला आधार आहे तो १९०५ च्या वेळापत्रकाचाच.

पक्षनिष्ठेचा प्रश्न घटनेने सुरुवातीला मोकळा सोडला होता. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले: पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या लोकप्रतिनिधीचे सदस्यत्व जाईल. एक तृतीयांश सदस्य फुटले तर मिळणारी सूट २००३ मध्ये रद्द झाली. पण पक्ष म्हणजे नेमका कोण, हा १९३८ चा प्रश्न कायद्याने सुटला नव्हता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा तो थेट वाशीमच्या दारात आला. १९९९ पासून लागोपाठ पाच वेळा लोकसभेत गेलेल्या भावना गवळी लोकसभेत शिवसेनेच्या मुख्य प्रतोद होत्या. पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांनी त्यांना काढून राजन विचारे यांना नेमले; लोकसभाध्यक्षांनी मात्र फुटलेल्या गटाचे नेते एकनाथ शिंदे यांच्या बाजूच्या खासदारांचे म्हणणे मानून गवळी यांनाच प्रतोद म्हणून मान्यता दिली. ज्याचा आदेश मोडला तर खासदारकी जाते तो प्रतोद कोण, यावरच दोन मते उभी राहिली.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्र विधानसभेच्या संदर्भात उत्तर दिले: प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही. पक्षातला कलह मिटवणे हे राज्यपालांचे काम नाही, आणि उपलब्ध माहितीवरून बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याचे कारण त्यांच्यापुढे नव्हते, असेही न्यायालयाने म्हटले. गव्हर्नर वायली यांच्या २१ जुलै १९३८ च्या निर्णयाला हाच निकष लावला तर तोही टिकत नाही. ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, म्हणून त्यांचे सरकार परत आणता आले नाही. अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांवर सोपवण्यात आला. १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी शिंदे यांचा गट हीच खरी शिवसेना असे ठरवले आणि दोन्ही गटांतील एकाही आमदाराला अपात्र केले नाही. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत यवतमाळ-वाशीम मतदारसंघात शिंदे यांच्या पक्षाने गवळी यांना उमेदवारी नाकारली आणि मतदारांनी ठाकरे यांच्या पक्षाचे संजय देशमुख यांना निवडून दिले.